धरणाचा दरवाजा कधी उघडायचा? अनिश्चिततेतल्या निर्णयांचं गणित

कृष्णेला पूर आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: कोयनेतून पाणी आधीच का नाही सोडलं? आणि ज्या वर्षी पाणी आधी सोडलेलं असतं, पण नंतर पाऊस दडी मारतो, त्या वर्षी उन्हाळ्यात नेमका उलटा प्रश्न येतो: एवढं पाणी तेव्हा सोडलंच कशाला? दोन्हीकडच्या लोकांचं नुकसान खरं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण दोन्ही प्रश्नांच्या पोटात एक समजूत दडलेली असते. निर्णय बरोबर असता, तर पश्चात्तापाची वेळच आली नसती, ही ती समजूत. गणित सांगतं की असं नाही. पुढचं दिसत नसताना घेतलेला सर्वोत्तम निर्णयसुद्धा नंतर चुकल्यासारखाच वाटतो, आणि बहुतेक वेळा तो दोन्ही बाजूंनी चुकल्यासारखा वाटतो.

या गणिताचं पूर्ण नाव छाती दडपवणारं आहे: अनिश्चिततेखालील, मर्यादा असलेल्या नियंत्रण समस्यांच्या इष्टतमतेच्या अटी. 'नियंत्रण' म्हणजे हातातला दांडा: दरवाजा किती फूट उचलायचा, टर्बाइन किती वेळ चालवायचं. 'मर्यादा' म्हणजे जे ओलांडता येत नाही ते: धरणाची उंची, नदीपात्राची वहनक्षमता, कायद्याने ठरवून दिलेला पाण्याचा वाटा. 'अनिश्चितता' म्हणजे पाऊस. आणि 'इष्टतमतेच्या अटी' म्हणजे अशी परीक्षा, जी सर्वोत्तम निर्णयाला पास व्हावीच लागते. निर्णय काय घ्यायचा हे या अटी थेट सांगत नाहीत. समोर आलेला निर्णय आणखी सुधारता येईल का, एवढं त्या सांगतात.

हे सगळं कोयनेवरच समजून घेऊ. तिथे ते हाताला लागतं.

कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. बाहेर जायच्या वाटा तीन. पहिली पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे, जिथे पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं आणि वीज तयार होते. दुसरी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला, कोयना नदीत. तिची क्षमता २,१०० क्यूसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. तिसरी सहा वक्र दरवाज्यांची. पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तिथून सांगलीकडे निघतं.

आता थोडा हिशेब. धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून धरणात आला, तर तीन टीएमसीपेक्षा थोडं जास्त पाणी येतं. जुलैअखेर जमीन भिजून चिंब झालेली असते, त्यामुळे 'सगळा वाहून आला' हे फार अतिशयोक्तीचं नाही. नवजा आणि महाबळेश्वरला एका दिवसात २०० मिलिमीटर ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पूर्ण पाणलोटावर तेवढा पडला, तर दिवसाला सहा टीएमसी, म्हणजे ७० हजार क्यूसेकहून जास्त आवक. आणि सोडायला किती वेळ लागतो? ११,५७४ क्यूसेकचा विसर्ग दिवसभर चालू ठेवला की एक टीएमसी जातं. नुसतं पायथ्याचं वीजगृह चालवलं, तर एक टीएमसी जायला साडेपाच दिवस. म्हणजे पाणी येतं तासांच्या हिशेबाने आणि निमूटपणे सोडायचं तर लागतात दिवस. आधी निर्णय घ्यावा लागतो तो याच तफावतीमुळे. आवक आणि विसर्गाचा वेग सारखा असता, तर जेवढं येईल तेवढं सोडून मोकळं होता आलं असतं आणि या लेखाची गरजच पडली नसती.

आधी सोपी आवृत्ती: सगळं माहीत आहे असं समजू

क्षणभर धरून चालू की १ जूनलाच वर्षभराच्या पावसाचा तक्ता हातात आहे. तरीही पाणी कसं वापरायचं हा प्रश्न सोपा नाही, कारण आज वापरलेलं पाणी उद्या नसतं. या प्रश्नाला पहिलं नीट उत्तर दिलं फ्रान्सच्या पिएर मासे या अभियंत्याने. जलविद्युत जलाशयांवर त्यांनी केलेलं काम १९४६ साली ग्रंथरूपात आलं. त्यांची कल्पना अशी: धरणातल्या पाण्याला भाव लावा. इथे भाव म्हणजे पाणीपट्टी नव्हे. धरणात आत्ता आहे त्यापेक्षा एक थेंब जास्त असता, तर पुढच्या सगळ्या काळात मिळून किती फायदा वाढला असता, तो या थेंबाचा भाव.

हा विचार आपल्याकडे कांदा चाळीत ठेवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला नवा नाही. आज लासलगावला मिळणारा भाव आणि पुढच्या महिन्यात मिळेल असा भाव (सड आणि वजनातली घट वजा करून) यांत उद्याचा जास्त असेल तर कांदा ठेवायचा, आजचा जास्त असेल तर काढायचा. आणि थोडा काढून थोडा ठेवणंच बरोबर असेल, तर त्या जागी दोन्ही भाव सारखे असणार. ही झाली इष्टतमतेची पहिली अट. धरणातही तसंच: आज टर्बाइनमधून एक थेंब जास्त सोडल्याचा फायदा आणि तोच थेंब राखून ठेवण्याचा भाव, हे दोन्ही सारखे. सारखे नसतील, तर पाणी कमी भावाच्या वेळेतून जास्त भावाच्या वेळेकडे सरकवून आणखी फायदा काढता येतो, म्हणजेच आधीचा निर्णय सर्वोत्तम नव्हता.

खरी गंमत मर्यादा आल्यावर सुरू होते. धरण काठोकाठ भरलं की पाणी राखून ठेवणं हा पर्यायच उरत नाही. मग भाव सारखे कसे राहणार? नाही राहत, आणि गणित तशी सूट देतं. पण किती सूट घेतली, याची नोंद ठेवायला लावतं. या नोंदीला गुणक म्हणतात. गुणक म्हणजे त्या मर्यादेचाच भाव: धरणाची भिंत थोडी उंच असती, तर किती फायदा झाला असता. नियम सोपा. पाणी भिंतीच्या माथ्याला टेकलेलं नसेल, तर भिंतीच्या उंचीचा भाव शून्य, कारण जादा उंचीचा काही उपयोग नाही. आणि भाव शून्याहून जास्त असेल, तर पाणी माथ्याला टेकलेलं असणारच.

हा नियम कुह्न आणि टकर यांच्या नावाने १९५१ साली प्रसिद्ध झाला. नंतर लक्षात आलं की विल्यम करुश नावाच्या विद्यार्थ्याने १९३९ मध्येच शिकागो विद्यापीठातल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात तो लिहून ठेवला होता. प्रबंध छापला गेला नव्हता. आज तिघांचीही नावं घेतली जातात.

या नियमातून निघणारी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भरण्याच्या क्षणी पाण्याचा भाव उडी मारतो. भरण्याआधी तो पडलेला असतो, कारण जो थेंब पुढे सांडव्यावरून फुकट जाणार आहे त्याला आजही फारशी किंमत नाही. पूर ओसरल्यावर, जेव्हा पुढचा पाऊस थेट पुढच्या जूनमध्ये, तेव्हा तोच थेंब महाग. धरण रिकामं होण्याच्या वेळी उलट: तळ गाठण्याआधी भाव चढलेला, नवीन पाणी आलं की उतरलेला. यातला 'आधी' हा शब्द नीट वाचायला हवा. धरण भरलेलं नसतानाच, पातळी अजून काही फूट खाली असतानाच, पाण्याचा भाव उतरलेला असतो, कारण पुढे कुठेतरी भिंत लागणार हे त्या भावाला ठाऊक असतं. पुराच्या काळात तर हा भाव शून्याच्याही खाली जाऊ शकतो. म्हणजे धरणातलं जादा पाणी ही संपत्ती न राहता बोजा होते. आगाऊ विसर्गामागचं तर्कशास्त्र एवढंच आहे.

कोयनेवर आणखी एक मर्यादा आहे, आणि ती जरा वेगळ्या जातीची आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने (बच्छावत लवाद) पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. ही मर्यादा एका क्षणाची नाही, अख्ख्या वर्षाच्या बेरजेची आहे. गणितात अशा मर्यादेचा गुणक वर्षभर एकच राहतो: जूनमध्ये वळवलेल्या टीएमसीवर जेवढा अदृश्य 'कर', तेवढाच मे महिन्यात. त्यामुळे वीज सर्वांत महाग असते त्या तासांसाठी हा कोटा राखणं शहाणपणाचं ठरतं. कोटा संपणारच नसेल, तर कर शून्य.

भाव आणि पाणी यांचा हा जोडीचा प्रवास समीकरणांत मांडायच्या दोन रीती १९५० च्या दशकात तयार झाल्या. अमेरिकेत रिचर्ड बेलमन यांनी शेवटापासून मागे यायची रीत काढली: शेवटच्या दिवशी काय करावं ते आधी ठरवा, मग त्याच्या आदल्या दिवशी, असं करत आजपर्यंत या. मॉस्कोत लेव पाँत्र्यागिन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'महत्तम तत्त्व' मांडलं: प्रत्येक क्षणी आजचा फायदा आणि भावाने मोजलेला साठ्यातला बदल, यांची बेरीज जितकी मोठी करता येईल तितकी करा. भाव बरोबर असेल, तर पुढचं सगळं आपोआप जमतं. (पाँत्र्यागिन चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात अंध झाले. गणिताची पुस्तकं त्यांची आई त्यांना वाचून दाखवायची, आणि ती स्वतः गणित शिकलेली नव्हती.)

आता तक्ता काढून घेऊ

पावसाचा तक्ता हातातून गेला की काय बदलतं? पहिली गोष्ट, योजना निरुपयोगी ठरते. '५ ऑगस्टला २० हजार क्यूसेक सोडायचे' हे १ जूनला लिहून ठेवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी नियम लागतो: पातळी अमुक, आवक अमुक, अंदाज अमुक असेल तर इतकं सोडायचं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे हा अशा नियमाचा सगळ्यात भाबडा नमुना. पातळी ठरावीक उंचीला पोचली की दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, ओसरली की मिटतात. कुणाला विचारायचं नाही, हवामान खात्याचा अंदाज बघायचा नाही. मर्यादा पाळण्यात ते दरवाजे कधी कुचराई करत नाहीत. पण भिंत लागण्याआधी भाव पडतो, हे त्यांना कळत नाही. मोठ्या धरणांवर म्हणून तारखेनुसार पातळीची एक रेषा आखलेली असते: या तारखेला पाणी या रेषेच्या वर गेलं की सोडायला लागायचं. अनेक वर्षांच्या आवकीवरून काढलेली ही रेषा म्हणजे गोठवलेला अनुभव. तो अनुभव मोलाचाच, पण उद्याच्या पावसाची बातमी तिच्यात नसते.

दुसरा बदल भावात. आजचा भाव आता उद्याच्या भावाच्या अपेक्षित सरासरीइतका असतो. 'अपेक्षित' म्हणजे आज जे माहीत आहे त्याच्या आधारे काढलेली, प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेचं वजन देऊन. दोन्ही मर्यादा दूर असतील, तर आज बसून 'उद्या भाव वाढेल' किंवा 'पडेल' असं म्हणता येत नाही. तसं म्हणता आलं असतं, तर ते आजच्या भावात आधीच उतरलं असतं. भाव हलतो तो फक्त बातमीने. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की कोयनेतल्या पाण्याचा भाव, धरणात एक थेंबही नवा आलेला नसताना, खाली येतो. त्या कोट्यावरचा करसुद्धा आता वर्षभर एकच न राहता असाच बातमीगणिक हलतो.

फ्रेंच गणिती झाँ-मिशेल बिस्म्यू यांनी १९७३ साली हे नेमक्या समीकरणात बांधलं. त्यात भावासोबत दुसरी एक राशी येते: बातमीचा धक्का बसला तर भाव किती हलेल, हे मोजणारी. निश्चित जगात हिची गरजच नव्हती. १९९० मध्ये चीनच्या पंग शिगं यांनी दाखवलं की तुमच्या निर्णयानेच अनिश्चितता कमी-जास्त होत असेल, तर एवढ्यानेही भागत नाही, आणखी एक राशी लागते. शेअर बाजारात असं होतं. जास्त पैसे लावले की धोकाही वाढतो. दरवाजा उघडल्याने मात्र पाऊस कमी-जास्त होत नाही, त्यामुळे धरणवाले यातून सुटतात.

तिसरा बदल सगळ्यात खोल. एक नवी मर्यादा येते, जी काँक्रीटची नाही आणि लवादाचीही नाही: जे अजून घडलेलं नाही, त्यावर आजचा निर्णय अवलंबून असता कामा नये. ऐकायला हे बाळबोध वाटतं. पण नंतर दोष देताना नेमकी हीच मर्यादा आपण मोडतो. ती कशी वागते ते एका बनवलेल्या उदाहरणातून पाहू. आकडे माझे आहेत, कोयनेचे नाहीत.

समजा सप्टेंबरचा पहिला आठवडा. धरणात अजून ५ टीएमसी जागा. येत्या आठवड्यात दोनच शक्यता: चारात एक अशी शक्यता की १२ टीएमसी आवक होईल, आणि चारात तीन अशी शक्यता की जेमतेम २ टीएमसी येईल आणि पावसाळा संपेल. पाऊस पडण्याआधी नदीला धक्का न लावता जास्तीत जास्त ३ टीएमसी सोडता येतं. पुरात पात्राबाहेर गेलेल्या प्रत्येक टीएमसीचं नुकसान ९ रुपये धरू, आणि धरण जितकं रिकामं राहील त्या प्रत्येक टीएमसीचं २ रुपये. रुपये म्हणजे हवे तर शेकडो कोटी समजा, प्रमाण महत्त्वाचं.

आता एक टीएमसी आधी सोडावं का? मोठा पाऊस आला, तर ९ रुपये वाचतात. त्याची शक्यता पाव, म्हणून अपेक्षित बचत सव्वादोन रुपये. पाऊस आलाच नाही, तर २ रुपये जातात. त्याची शक्यता पाऊण, म्हणून अपेक्षित तोटा दीड रुपया. सव्वादोन दीडपेक्षा जास्त. सोडा. दुसरं आणि तिसरं टीएमसीही याच हिशेबाने सोडा. तिथे नदीची मर्यादा लागते आणि थांबावं लागतं. त्या मर्यादेचा गुणक पाऊण रुपया: पात्रातून आणखी एक टीएमसी सुखरूप नेता आलं असतं, तर सरासरीने पाऊण रुपया आणखी वाचला असता. पूररेषेतलं बांधकाम नदीचं पात्र किती महागात आकसवतं, हे मोजायची ही एक रीत आहे, आणि ती कुणी वापरताना दिसत नाही.

मोठ्या पावसाची शक्यता २५ ऐवजी १५ टक्के असती तर? बचत १ रुपया ३५ पैसे, तोटा १ रुपया ७० पैसे. मग एक थेंबही सोडू नये. निर्णय पालटतो तो ११ पैकी २ या शक्यतेपाशी, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांवर. अंदाज १७ चा आहे की २० चा, यावर अख्खा निर्णय उलटसुलट होतो. (खऱ्या नुकसानीचे आलेख इतके सरळ रेषेत नसतात, म्हणून खरे निर्णयही असे सगळं-किंवा-काहीच-नाही प्रकारचे नसतात. पण मुद्दा तोच.)

आता २५ टक्क्यांच्या अंदाजावर ३ टीएमसी सोडलं, आणि आठवडा उलटला. चार वेळांपैकी तीन वेळा पाऊस येत नाही. धरण ६ टीएमसी रिकामं राहतं, त्यातलं ३ आपणच घालवलेलं. वर्तमानपत्रात लिहून येतं: सोन्यासारखं पाणी वाया घालवलं. उरलेल्या एका वेळी पाऊस येतो, आणि ३ सोडूनही ४ टीएमसी पात्राबाहेर जातं. तेव्हा लिहून येतं: आधी पुरेसं का नाही सोडलं. निर्णय दोन्ही वेळी तोच, आणि त्या आठवड्याच्या माहितीवर तो सर्वोत्तमच होता. टीका मात्र दोन्ही वेळी.

अमेरिकी गणिती टायरल रॉकाफेलर आणि रॉजर वेट्स यांनी १९७० च्या दशकात या विचित्र परिस्थितीला नेमकं रूप दिलं. क्षणभर समजा, म्हणाले, की प्रत्येक भविष्यासाठी वेगळा निर्णय घ्यायची मुभा आहे. मग अट घाला की भविष्य उलगडण्याआधीचे हे सगळे निर्णय एकसारखेच असले पाहिजेत. या अटीलाही गुणक असतो, आणि तो म्हणजे पश्चातबुद्धीचा भाव: हे भविष्य आधी कळलं असतं, तर किती बदललं असतं. मोठ्या पावसाच्या भविष्यात तो एका दिशेला ओढतो, कोरड्या भविष्यात दुसऱ्या दिशेला. आणि इष्टतमतेची अट म्हणते की संभाव्यतेचं वजन देऊन घेतलेली या ओढींची बेरीज शून्य असली पाहिजे. प्रत्येक ओढ शून्य नव्हे, बेरीज शून्य. एका बाजूलाच पश्चात्ताप होत असेल, म्हणजे पूर येण्याचीच खंत असते आणि पाणी वाया गेल्याची कधीच नसते, तर निर्णय घेणारा एका बाजूला झुकलेला आहे. दोन्हीकडून शिव्या खाणारा अभियंता बरोबर असू शकतो. कधीच शिव्या न खाणारा बहुधा भलत्याच कुठल्या मर्यादेची किंमत मोजतोय, किंवा नशीबवान आहे.

त्याच उदाहरणात अचूक अंदाजाची किंमतही निघते. भविष्य माहीत नसताना सर्वोत्तम निर्णयाचं अपेक्षित नुकसान १८ रुपये येतं. माहीत असतं, तर साडेतेरा. फरक साडेचार रुपयांचा. रडार, पर्जन्यमापक, हवामानाची प्रारूपं या सगळ्यांवर मिळून अशा एका आठवड्यासाठी जास्तीत जास्त तेवढेच खर्च करणं परवडतं. गंमत म्हणजे ही सगळी बचत कोरड्या आठवड्यात होते. पूर येणारच असेल, तर आधी कळूनही ३ टीएमसीच्या वर सोडता येत नव्हतं. अंदाज सुधारला की पूर टळेल, हे नेहमी खरं नसतं. नदीची मर्यादा आड असेल, तर चांगला अंदाज पाणी वाचवतो, पूर नाही.

सरासरी कुठे चालत नाही

आतापर्यंत सगळं सरासरीवर चाललं होतं. पण काही मर्यादांवर सरासरी लावणं गुन्हा ठरेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुण्यात जे झालं, ते 'अपेक्षित नुकसान' या रकान्यात बसत नाही. म्हणून धरणाच्या स्वतःच्या सुरक्षिततेची मर्यादा सगळ्यात वाईट शक्यतेसाठी पाळायची असते. मोठ्या धरणांचे सांडवे 'संभाव्य महत्तम पूर' धरूनच आखतात. अशा मर्यादेत गणित सगळ्या शक्यता विसरतं, आणि गुणकाचं सगळं वजन एक-दोन भयंकर भविष्यांवर जाऊन बसतं.

सांगलीच्या पुराला मात्र ही कडक अट लावता येत नाही. 'कुठल्याही पावसात आयर्विन पुलाखालचं पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीवर जाता कामा नये' अशी अट घातली, तर एकच निर्णय उरतो: धरण जवळपास रिकामं ठेवा. आणि तरीही ती पाळली जाईलच असं नाही, कारण कोयनेखालच्या मोठ्या पाणलोटातला पाऊस कोयनेला विचारून पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

मधला रस्ता १९५९ साली चार्न्स आणि कूपर यांनी सुचवला: मर्यादा शंभरातल्या ९५ वेळा पाळली जावी, एवढंच मागा. मग या मर्यादेचा गुणक एक वेगळीच गोष्ट सांगतो: ९५ चे ९६ करायचे असतील, तर किती वीज, किती सिंचन सोडावं लागेल. चर्चेसाठी हा आकडा फार उपयोगी. यातली खोट अशी की उरलेल्या पाच वेळा किती वाईट होईल, याबद्दल ही अट मुकी असते. एक फूट वर गेलं काय आणि बारा फूट वर गेलं काय, तिच्या हिशेबी सारखंच. म्हणून अलीकडे त्या वाईट पाच टक्क्यांतल्या नुकसानीची सरासरी मोजतात आणि तिला वजन देतात.

ब्राझीलमध्ये हे कागदावर राहिलेलं नाही. त्या देशाची बहुतांश वीज वर्षानुवर्षं धरणांतून येत आली. तिथे एक-दोन नव्हे, कितीतरी जलाशयांचा हिशेब एकत्र करावा लागतो, आणि बेलमन यांची मागे-मागे यायची रीत तिथे कोलमडते: प्रत्येक धरणाच्या दहाच पातळ्या धरल्या, तरी दहा धरणांच्या एक हजार कोटी स्थिती होतात. मारिओ पेरेरा आणि लिओंतिना पिंतू यांनी १९९१ मध्ये तोडगा दिला. सगळ्या स्थिती तपासायच्याच नाहीत. काही निवडक स्थितींना पाण्याचा भाव काढायचा आणि त्या भावाच्या उताराची एक-एक सरळ रेषा जोडत भविष्यातल्या खर्चाचा आलेख हळूहळू घडवायचा. आधी गुणक हे फक्त निर्णय तपासायचं साधन होतं, इथे तेच उत्तर बांधायच्या विटा झाले. तरीही २००१ मध्ये पाऊस आणि नव्या वीजकेंद्रांची गुंतवणूक दोन्ही कमी पडली आणि लोकांना वीजवापर २० टक्क्यांनी कमी करावा लागला. २०१३ पासून तिथल्या हिशेबात वाईट भविष्यांना मुद्दाम जास्त वजन देतात. परिणाम ताबडतोब दिसतो: पाण्याचा भाव चढतो, धरणं जपून वापरली जातात, औष्णिक केंद्रं जास्त चालवली जातात आणि ग्राहकाचं बिल वाढतं.

म्हणजे कुठल्या भविष्याला किती वजन द्यायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आपल्या उदाहरणातले ९ आणि २ हे आकडेही तसेच. ते कुठल्याही समीकरणातून निघाले नाहीत, मी लिहिले. खऱ्या कोयनेच्या बाबतीत ९ मध्ये सांगलीची बाजारपेठ, नदीकाठचा ऊस, शिरोळची घरं आणि जनावरं येतात. २ मध्ये पोफळीची वीज येते, आणि ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी उन्हाळ्यात कृष्णेत सोडावं लागणारं पाणीही येतं. त्या पाण्यावर आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत असे तालुके डोळे लावून असतात. हे तालुके सांगली जिल्ह्यातच आहेत. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला ९ चा आकडा वाढवून हवाय आणि दुसऱ्या टोकाला २ चा, आणि तो वाद दरवाज्याची कळ हातात असलेल्या अभियंत्यावर सोडून देण्याऐवजी पावसाळ्याआधी जाहीरपणे, आकडे लिहून घालायला कुणाचीच हरकत नसावी.